गच्चीपासून सहा फूट

सरिताचा हात पहिल्यांदा उठला तो गोरेगावहून हिंगोलीला जाणाऱ्या जीपमध्ये. तेव्हा ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि साखऱ्याहून रोज ये-जा करायची. जीप अशी खचाखच भरलेली, की कोपर हलवायला जागा नव्हती. शेजारच्या माणसाचा हात दर खड्ड्याला तिच्या मांडीवर सरकत होता. तिनं तो दोनदा बाजूला केला. मग मांडीवरचा जेवणाचा स्टीलचा डबा दोन्ही हातांनी उचलला आणि त्याच्या तोंडावर हाणला. त्याचे पुढचे दात तुटले. रक्त तिच्या ओढणीवर उडालं. जीप थांबली, माणूस तोंड धरून खाली उतरला, तर ही त्याच्या मागोमाग उतरली आणि तोच डबा पुन्हा त्याच्या डोक्यात घातला.

"दुसऱ्यांदा मारायची काही गरज न्हवती," असं तिनंच मला सांगितलं. "पण हात थांबत न्हवता."

मी सेनगावच्या कॉलेजात मराठी शिकवतो, ती फिजिक्स. दोघंही तासिका तत्त्वावर, त्यामुळे दोघांनाही दोन तासांच्या मधला वेळ भरपूर. तिची हकीकत मला तिच्याकडून तुकड्यातुकड्यानं कळली, आणि थोडी तिच्या आईकडून. लिहू का, असं विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, पण मला गरीब गाय करू नका.

त्या संध्याकाळी जीपमधल्या माणसाचे भाऊबंद काठ्या घेऊन साखऱ्याला आले. सरिताचं घर गावाच्या टोकाला, बौद्धवाड्यातलं शेवटचं. वडील अमृतराव गवंडी. आयुष्यभर दुसऱ्यांची घरं बांधली, स्वतःच्या घराच्या एका भिंतीला अजून गिलावा नव्हता. पोरीला बाहेर काढ, असं ते लोक अंगणातून म्हणाले. अमृतरावांनी काठ्या पाहिल्या, दारात उभी असलेली बायको पाहिली. मग कुडाला टेकवलेल्या तुरीच्या वाळक्या तुराट्यांतली एक उपसली, सरिताला दंडाला धरून अंगणात आणलं आणि सगळ्यांसमोर मारायला सुरुवात केली. तुराटी मोडली की दुसरी घेतली. तिच्या पाठीवर, पोटऱ्यांवर वळ उठले, कातडी फाटली. ती ओरडली नाही, त्यामुळे मार लांबला. आलेल्यांपैकी एक म्हातारा शेवटी म्हणाला, बस झालं, मरंल. तेव्हा ते गेले.

रुक्माबाईंनी लेकीच्या पाठीला हळद-तेल लावलं. अमृतराव जेवले नाहीत. सकाळी ते तिच्या खाटेजवळ येऊन एवढंच बोलले, "मी मारलं न्हसतं तर त्यायनं मारलं असतं. माझ्या हातचा मार तरी मला ठाऊक व्हता, कुठवर न्यायचा."

सरिता त्यांच्याशी कित्येक महिने बोलली नाही. ते मात्र रोज सकाळी मोटरसायकलवर तिला गोरेगावला जीपपर्यंत सोडायला जाऊ लागले, आणि ओळखीच्या बाईशेजारी जागा मिळाल्याशिवाय हलायचे नाहीत.

त्या वर्षी ती मेकॅनिक्सच्या पेपरात नापास झाली. बाकी सगळे विषय सुटले, हा राहिला. उदाहरण वाचायचं, त्यातले आकडे हेरायचे, ते बसतील असं सूत्र आठवायचं आणि उत्तर काढून मोकळं व्हायचं, अशी तिची रीत होती. वर्गातल्या बहुतेकांची तीच होती.

त्यांना मेकॅनिक्स शिकवायचे उत्तमसिंग सर. हिंगोलीतच जन्मलेले, घरी हिंदी-पंजाबी, वर्गात मराठी, आणि राग आला की सगळंच. पण त्यांना राग क्वचित यायचा. एकदा त्यांनी सरिताला फळ्यावर बोलावून उताराचं उदाहरण दिलं. उतारावर एक ठोकळा, त्याला दोरी, दोरी वरच्या कप्पीवरून पलीकडे गेलेली आणि तिला दुसरा ठोकळा लटकलेला. उतार खडबडीत आहे, तर पहिला ठोकळा किती त्वरणानं जाईल? सरितानं झपझप समीकरण मांडलं. उत्तर उणे आलं. वर्गात कुणीतरी हसलं. तिनं खडू हसणाऱ्याच्या अंगावर फेकला.

सरांनी नवा खडू तिच्या हातात दिला आणि विचारलं की ठोकळा वर जाऊन राहिला की खाली. ती म्हणाली, वर. हे तुला कुणी सांगितलं? कुणी नाही, तसंच वाटलं. मग तुझ्या घर्षणाची दिशाही वाटण्यावरच निघाली, असं सर म्हणाले, आणि पुढं जे बोलले ते तिनं मला त्यांच्याच आवाजात म्हणून दाखवलं.

"बेटा, ज्याची गोष्ट चालू आहे त्याला एकट्याला बाजूला काढ. त्याच्यावर कोण कोण जोर लावून राहिलं, तेवढेच बाण काढ. आणि दर बाणाला विचार, तुला लावणारा कोण? लावणारा सापडला नाही तर तो बाण तुझ्या मनातला आहे. तो पुसायचा."

त्या दिवसापासून ती रोज तास संपल्यावर थांबू लागली. सर स्टाफरूमबाहेरच्या बाकावर बसून तिला एकेक उदाहरण द्यायचे. लिफ्टमध्ये उभा माणूस, वळणावर कलंडणारा ट्रक, भिंतीला टेकलेली शिडी, गच्चीवरून आडवा फेकलेला चेंडू. आधी चित्र, मग बाण, मग दिशा, मग समीकरण, आणि आकडे सगळ्यात शेवटी. उत्तर आलं की ते खरं वाटतं का हे विचारायचं. चालत्या बैलगाडीचा वेग ताशी दोनशे निघाला तर कुठंतरी चुकलंय, मागं जायचं. तिच्या डोक्यात दिवसभर जी जळजळ चालायची, ती या वेळात बंद असायची. कारण ती रागावली म्हणून ठोकळा कमी-जास्त घसरत नव्हता.

पेपर पुन्हा द्यायचा होता. पण ती शेवटच्या वर्षाला असताना कळमनुरीहून स्थळ आलं आणि लग्नाची तारीख नेमकी त्या परीक्षेच्या दिवसांत निघाली. मुलगा रविंद्र, खता-बियाण्यांच्या दुकानात कामाला, घरी चार एकर हळद. पेपर काय, पुढच्या वेळी देईल, आम्ही काही अडाणी नाही, असं त्याच्या आईनं बैठकीत सांगितलं. लग्न झालं. डिग्री त्या एका पेपरावर अडकून राहिली.

पहिला मार दुधावरून बसला. सरिता चुलीसमोर बसून कोळशानं फरशीवर काहीतरी मांडत होती आणि दूध उतू गेलं. रविंद्रनं मागून येऊन तिचे केस धरले आणि तोंड फरशीवर, त्या कोळशाच्या रेघांवर घासलं. ओठ फुटला. तिनं उठून हाताला लागलेलं लाटणं फिरवलं, ते त्याच्या भुवईवर बसलं. मग त्यानं कमरेचा पट्टा काढला. सासूनं दार आतून लावून घेतलं. त्या दिवशी तिला हळदीच्या पोत्यांच्या खोलीत कोंडलं, ते दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढलं.

मग ते नेमाचं झालं. ती मार खायची आणि मारायचीही. एकदा तिनं त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की टाके पडले. त्यानं तिच्या डाव्या हाताची करंगळी दारात चिरडली. तिची पुस्तकं हळद शिजवायच्या भट्टीत गेली. रविंद्र दुकानात हसतमुख होता, गिऱ्हाइकाला पाणी विचारायचा, म्हाताऱ्यांची पोती स्वतः उचलून गाडीत टाकायचा. त्यामुळे कळमनुरीत कुणी ऐकलं तरी खरं मानलं नसतं. आणि सरितानं सांगितलंही नाही. माहेरी काय सांगायचं, मला मारतात आणि मीही मारते?

पुस्तकं नव्हती, तर ती तोंडी सोडवायची. पाणी भरताना रहाट आणि दोर, पोती रचताना उतार आणि घर्षण.

फाल्गुन होता. शिजवलेली हळद गच्चीवर वाळत घातली होती. गच्चीला कठडा नव्हता. वरचा मजला कधीतरी बांधू म्हणून कडेनं सळया तेवढ्या काढून ठेवल्या होत्या. दुपारी सरिता डोक्यावर टोपली घेऊन जिना चढली, एवढं तिला आठवतं. त्यानंतर आठवते ती नांदेडच्या दवाखान्यातली ट्यूबलाइट.

मधलं काही नाही. आजही नाही.

कवटीला मागून चीर गेली होती. गळ्याजवळचं हाड मोडलं, कंबरेचं हाड सरकलं आणि डावा कान कायमचा गेला. रविंद्रच्या घरच्यांनी दवाखान्यात सांगितलं, हळदीवरून पाय घसरला. सांगणारे तेवढेच होते, तशी नोंद झाली. पण नातेवाइकांत वेगळी कुजबुज सुरू झाली, की पोरगी आधीपासूनच डोक्यानं गरम, तिनं उडी टाकली. रुक्माबाई पंधरा दिवस लेकीच्या उशाशी होत्या. केसांत सुकलेलं रक्त ओल्या फडक्यानं एकेक बट धरून काढताना त्यांनी विचारलं की नेमकं काय झालं. सरिताला सांगता येईना.

तिला साखऱ्याला आणलं. खाटेवर पडून ती छताकडे बघत राहायची. मार ती विसरू शकत होती, पण हे कोडं तिला सोडत नव्हतं. घसरले का? उडी मारली का? की त्यानं ढकललं? आणि ढकललं असेल तर आधी हात कुणी उचलला? स्वतःचा स्वभाव तिला माहीत होता. आपणच आधी टोपली त्याच्या तोंडावर मारली असेल, असं तिला वाटायचं, आणि ते वाटणं तिला कंबरेच्या हाडापेक्षा जास्त दुखायचं.

उत्तमसिंग सर भेटायला आले. त्यांनी येताना संत्री आणली होती आणि परीक्षेचा जुना पेपर. बाकी चौकशी झाल्यावर सरितानं त्यांना विचारलं, "सर, मी घसरले का?"

"मला काय ठाऊक?" सर म्हणाले. "चित्र काढ."

रुक्माबाईंना ते बोलणं कठोर वाटलं. पण सरितानं खडू मागितला आणि खाटेवरूनच, गिलावा नसलेल्या भिंतीशेजारच्या लाकडी फळीवर एक उभी रेघ ओढली, ती घराची भिंत. वर गच्ची. खाली अंगण. सरांनी विचारलं, गच्ची किती उंच आणि तू भिंतीपासून किती लांब पडलीस? उंची अंदाजे दहा फूट. लांबी तिला माहीत नव्हती. ती अंदाज सांगायला लागली तर सरांनी हात वर केला. माहीत नाही तिथं माहीत नाही असं लिही, म्हणाले.

उदाहरण तिच्या ओळखीचंच होतं. दहा फुटांवरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो. घसरलात तरी पाऊण, ढकललं तरी पाऊण, त्यात फरक पडत नाही. फरक पडतो तो भिंतीपासून किती लांब जाता यात. कडेवरून सुटताना अंगात आडवा वेग नसेल तर माणूस भिंतीच्या पायाशी पडतो. जितका वेग, तितकं लांब.

चालता येऊ लागल्यावर तिनं वडिलांना सांगितलं, मला कळमनुरीला जायचंय, माझे कपडे-भांडी आणायला, आणि येताना टेप घ्या. लग्नानंतर त्यांच्यात जेमतेम बोलणं होतं. अमृतरावांनी कशाला म्हणून विचारलं नाही. कामाच्या पिशवीत टेप टाकला, ओळंबाही टाकला. रुक्माबाईही सोबत निघाल्या. कळमनुरीचा आठवडी बाजार होता, रविंद्र दुकानात अडकलेला असेल असं त्यांना वाटलं.

घरी सासू एकटी होती. ती भांडी काढायला आत गेली. सरिता अंगणात उभी राहिली. अंगणाला लागून शेजारच्या पंचफुलाबाईंचा शेळ्यांचा वाडा, मधे कमरेइतकी भिंत. पंचफुलाबाई तिथं शेळ्यांना पाला टाकत होत्या. सरितानं त्यांना विचारलं, काकू, मी कुठं पडले होते? त्यांनी आधी घराच्या दाराकडे पाहिलं. मग भिंतीवरून हात लांब करून धुण्याचा दगड दाखवला. डोकं त्या दगडावर होतं, कंबर त्याच्या अलीकडे, घराच्या बाजूला. दगडाच्या कोपऱ्यावर काळपट डाग होता. घासूनही निघाला नव्हता.

अमृतराव जिन्यानं वर गेले, गच्चीच्या कडेवरून ओळंबा सोडला, दोरी मोजली. दहा फूट. खाली येऊन त्यांनी टेपचं टोक भिंतीच्या पायाशी अंगठ्यानं दाबून धरलं आणि सरितानं दुसरं टोक कंबर होती तिथपर्यंत ओढलं. सहा फूट.

ती त्या दगडाशेजारीच खाली बसली. काडीनं मातीत आकडे मांडले. सहा फूट म्हणजे एक मीटर ऐंशी. भागिले पाऊण सेकंदाच्या किंचित वर. उत्तर सेकंदाला सव्वादोन मीटरच्या पुढं आलं. तिनं पुन्हा केलं. चालणारा माणूस सेकंदाला सव्वा मीटर जातो. म्हणजे ती कडेवरून सुटली तेव्हा चालण्याच्या जवळजवळ दुप्पट वेगात होती. आणि लागलं होतं ते डोक्याच्या मागच्या बाजूला. म्हणजे पाठ बाहेर होती, तोंड घराकडे.

"काय निघालं?" अमृतरावांनी विचारलं.

"बाबा, पाठमोरं कुणी एवढ्या जोरानं चालत न्हाई, उडी बी टाकत न्हाई," ती म्हणाली. "मला ढकललं."

दारातून रविंद्रचा आवाज आला. कुणीतरी त्याला दुकानातून बोलावून आणलं होतं. काय मोजून राहिले माझ्या घरात, असं म्हणत तो आला, टेप पायानं उडवला आणि वाकलेल्या अमृतरावांच्या कानशिलात मारली. म्हातारा तोल जाऊन हातांवर पडला. रुक्माबाई मधे आल्या, त्यांना त्यानं छातीवर दोन्ही हात लावून मागं लोटलं. त्या भिंतीवर आदळल्या.

सरितानं ते दोन्ही हात पाहिले. कोपरात वाकलेले, मग झटक्यात सरळ झालेले.

हळद ओढायचं दाताळं भिंतीला लावलेलं होतं. तिनं ते उचललं आणि दांड्याकडून त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज तिला एकाच कानानं आला. तो खाली बसला. तिनं दुसरा तडाखा खांद्यावर दिला, तिसरा पाठीवर. तो हात डोक्यावर धरून गुरासारखा हंबरत होता, सासू किंचाळत होती, आणि सरितानं दाताळं उलटं केलं, लोखंडी दातांची बाजू खाली घेतली. नेम डोक्यावर होता. तिनं मला हे सांगताना शब्द गुळमुळीत केले नाहीत. ती म्हणाली, मला त्याला मारून टाकायचंच होतं.

मागून कुणीतरी तिच्या कमरेला मिठी घातली. पंचफुलाबाई भिंत ओलांडून आल्या होत्या. अंगानं किरकोळ, पण आयुष्यभर बोकड धरलेले हात. त्या तिच्या चांगल्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "सोड ते. मी पाह्यलं व्हतं. तो कसा ढकलून राहिला ते मी माझ्या डोळ्यानं पाह्यलं. मी सांगते. तू सोड."

दाताळं खाली पडलं.

पंचफुलाबाई इतके दिवस गप्प का होत्या, हे त्यांनी नंतर रुक्माबाईंना सांगितलं. भिंतीला भिंत लागून घर, रानात जायची वाट त्यांच्या बांधावरून, आणि नवरा म्हणाला होता की दुसऱ्याच्या घरातलं आपण पाहिलंच नाही. पण ती पोरगी मातीत बसून स्वतःचं पडणं मोजून राहिली होती, ते बघवलं नाही, असं त्या म्हणाल्या.

दोन्ही बाजूंनी तक्रारी झाल्या. रविंद्रवर एक केस, सरितावर एक. तिला जामीन घ्यावा लागला. वकिलानं सांगितलं, तुमचं गणित कोर्टात चालायचं नाही, त्याला जाणकार लागतो. मग उत्तमसिंग सर उभे राहायला तयार झाले. पण त्याआधी त्यांनी सरिताला बोलावून तिच्याच उत्तराच्या चिंध्या करायला घेतल्या. माणूस म्हणजे चेंडू नव्हे, म्हणाले. पाय कडेला टेकलेले राहिले आणि अंग मागं कलंडलं, तर वेग नसतानाही कंबर लांब जाते, ते तू धरलंस का? तिनं धरलं नव्हतं. तिला राग आला. सर कुणाच्या बाजूनं आहेत? तिनं फळ्यावरचं पुसलं आणि पुन्हा मांडलं. पाय टेकून कलंडली असती तर अंग उलटं होऊन आधी टाळू आदळली असती, आणि टाचा-पोटऱ्या सिमेंटच्या कडेला सोलल्या असत्या. दवाखान्याच्या कागदांत पायांवर ओरखडाही नव्हता. पायही अंगाबरोबरच सुटले होते. तरी सर म्हणाले, कमीत कमी वेग किती निघतो ते सांग, जास्तीत जास्त नको. कमीत कमी सुद्धा चालण्यापेक्षा जास्तच निघाला.

याच काळात तिनं मेकॅनिक्सचा पेपर दिला. गळ्याजवळचं हाड लिहिताना दुखायचं. ती पास झाली आणि पुढं नांदेडला एम.एस्सी.ला गेली. केस चालूच होती.

साक्षीच्या दिवशी रविंद्रच्या वकिलानं तिला जीपमधल्या माणसाची आठवण करून दिली. दात तुटले होते ना? हो. नवऱ्याच्या भुवईवर टाके आहेत, ते कुणामुळे? माझ्यामुळे. दंडावर दातांचे वण? माझे. मनगट? मीच. मग त्या दिवशी गच्चीवर आधी हात कुणी उचलला, हे तुम्ही शपथेवर सांगू शकता? तिनं खाली पाहिलं आणि सांगितलं, न्हाई. मला आठवत न्हाई.

अमृतराव मागच्या बाकावर होते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

सरांनाही वकिलानं तेच विचारलं, की तुमच्या आकड्यांवरून माझ्या अशिलानं ढकललं हे सिद्ध होतं का. सर म्हणाले, नाही. आकडा एवढंच सांगतो की बाई घसरली नाही, बाहेरून जोर लागला. जोर कुणाचा, हे आकडा सांगत नाही. वकिलाला ते आवडलं. पण त्यानंतर पंचफुलाबाई आल्या. पदर घट्ट लपेटून त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या आणि उलटतपासणीत एका शब्दानं हलल्या नाहीत. बोलणं ऐकू आलं नाही, पण दोन्ही हात लावून ढकलताना पाहिलं, आणि ढकलल्यावर तो कडेपर्यंत येऊन खाली बघत उभा राहिला तेही पाहिलं.

जिवे मारण्याचा प्रयत्न कोर्टानं मानला नाही. गंभीर दुखापत आणि छळ मानला, तीन वर्षांची शिक्षा झाली. रविंद्र काही महिने आत राहिला, मग अपिलात जामिनावर सुटला. सरिताला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं. फारकत झाली.

अमृतराव निकालानंतर दोन वर्षांनी गेले. आता ती आईला घेऊन सेनगावात भाड्यानं राहते. वर्गात मुलं तिच्या उजव्या बाजूला गर्दी करतात. ती चांगलं शिकवते, पण मऊ नाही. चित्र न काढता सूत्र लिहिलेलं दिसलं की वही टेबलावर आपटते, आणि मग आपटलेल्या हाताची मूठ वळून ती खिडकीपाशी जाऊन उभी राहते.

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारी शिपाई स्टाफरूममध्ये सांगायला आला, मॅडमला भेटायला कुणी आलंय. गेटजवळ रविंद्र उभा होता. मी तिच्याबरोबर गेलो, तिनं मला दहा पावलांवर थांबायला सांगितलं. तो जाड झाला होता. उजवं मनगट वाकडं जुळलेलं होतं. अपिलाची तारीख जवळ आली होती, समजुतीनं घेऊ, जे झालं ते झालं, असं तो बोलत होता. सरिताचे दोन्ही हात मला दिसत होते. बोटं उघडत होती, मिटत होती. मी पुढं व्हायच्या बेतात होतो.

ती म्हणाली, "एक विचारते. खरं सांगा. त्या दिवशी गच्चीवर मी आधी मारलं का?"

त्याला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तो गोंधळला. खोटं बोलून काय मिळेल, याचा हिशोब करायलाही त्याला वेळ मिळाला नसावा.

"न्हाई," तो म्हणाला. "तू परीक्षेचा फॉर्म भरला म्हणालीस. माह्याकडं पाहून हसून राहिली व्हतीस."

ती त्याच्याकडे बघत राहिली, पण तो तिला दिसत असेल असं मला वाटलं नाही. मग तिनं विचारलं, "हसून?"

"व्हय. त्याचाच राग आला मला."

तिनं त्याला जायला सांगितलं, आवाज न चढवता. समजूत होणार नाही, अपिलात जे व्हायचं ते होईल, आणि पुन्हा इथं यायचं नाही. तो गेला. सरिता गेटचा गज धरून खाली बसली आणि रडायला लागली. मोठ्यानं, तोंड न झाकता. येणारी-जाणारी मुलं थबकली, त्यांना मी पुढं पाठवलं. मला वाटलं ती त्याच्या आठवणीनं रडत असेल, म्हणून मी काहीतरी समजुतीचं बोललो.

तिनं मान हलवली. नाकाडोळ्यांचं पाणी ओढणीनं पुसत ती म्हणाली, "सर, माझा हात उठला न्हवता. मी हसत व्हते."

पुढचा तास तिचाच होता. मी तो माझा म्हणून घेतला, आणि तिला घरी, रुक्माबाईंकडे नेऊन सोडलं.